परवाना आणि परवानगी

नगरच्या एका अक्षरजुळणीच्या दुकानात काही वर्षांपूर्वी घडलेली ही गोष्ट आहे. दुकान लहान, संगणक दोनच; काम मात्र बारमाही. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांची प्रगतिपुस्तके, निवडणुकीच्या दिवसांत हस्तपत्रके. मालकांनी अक्षरजुळणीची आज्ञावली रीतसर पैसे मोजून घेतली होती आणि तिची पावती ते लक्ष्मीच्या तसबिरीमागे जपून ठेवत. जुना संगणक बदलला तेव्हा त्यांनी आणखी एक शहाणपणाचे काम केले. आपले हिशेब वेगळे आणि कामावरच्या मुलाचे काम वेगळे राहावे म्हणून नव्या यंत्रावर दोन खाती उघडली. स्वतःचे प्रशासकाचे, मुलाचे साधे. आज्ञावली स्वतःच्या खात्यातून बसवली, परवाना कार्यान्वित केला, एकदा चालवून पाहिली आणि ते निर्धास्त झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने दुकान उघडून आज्ञावली सुरू केली, तर पडद्यावर एकच वाक्य : परवाना वैध नाही. मालक आले. त्यांच्या खात्यातून आज्ञावली बिनतक्रार चालली. मुलाच्या खात्यातून पुन्हा तेच वाक्य. "काय दाबलंस तू?" "शेठ, मी काहीच केलं नाही." आमची एक पुस्तिका तिथे जुळणीला होती, त्यामुळे आम्ही त्या आठवड्यात रोज जात होतो आणि हा संवाद आम्ही तीन वेळा ऐकला. चौथ्या दिवशी मुलगा बोलायचाच बंद झाला. त्याने परवान्याची नक्कल करून बाहेर नेली असावी आणि म्हणून मूळ परवाना बाद झाला असावा, अशी शंका तोवर दुकानात उघडपणे बोलली जाऊ लागली होती.

त्याने काहीही केले नव्हते. दोष एका फोल्डरचा होता. दुरुस्तीला पाच मिनिटे लागली. पण पैसे भरलेल्या माणसाला यंत्राने लबाड का ठरवावे, आणि एका फोल्डरच्या दोषापायी एका मुलाच्या प्रामाणिकपणावर बोट का यावे, याचे उत्तर पाच मिनिटांत मिळत नाही. त्यासाठी साठेक वर्षे मागे जावे लागते. प्रस्तुत लेखात तेवढाच प्रयत्न आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'परवाना' आणि 'परवानगी' हे दोन्ही शब्द फारसीतून मराठीत आले आणि दोन्हींचे मूळ एकच. नगर ही निजामशाहीची राजधानी. १४९० ते १६३६ या काळात येथील कारभाराची भाषा मोठ्या प्रमाणावर फारसी होती. 'दप्तर', 'मालक', 'कुलूप' हे आपले रोजचे शब्दही अरबी-फारसीकडूनच आलेले. एका मुळाचे असले तरी व्यवहारात या दोन शब्दांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. परवाना हा कागद असतो. तो मिळवावा लागतो, दाखवावा लागतो, त्याला मुदत असते. परवानगी ही एखाद्या ठिकाणी एखाद्याला मिळालेली मुभा. तिचा कागद असेलच असे नाही. दुकान चालवण्याचा परवाना असलेल्या माणसालाही दुसऱ्याच्या माजघरात जायची परवानगी नसते. संगणकाच्या जगात या दोन गोष्टींचे इतिहास वेगळे आहेत, त्यांचे जनकही वेगळे आहेत. आमच्या त्या दुकानात घडले ते एवढेच, की हे दोन इतिहास एका फोल्डरात समोरासमोर आले.

परवानगीचा इतिहास जुना आहे. संगणक महाग आणि अजस्र होते तेव्हा एक यंत्र अनेकांनी मिळून वापरावे ही कल्पना पुढे आली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने १९६१मध्ये अशी सामायिक प्रणाली चालवून दाखवली. अनेक माणसे एका यंत्रावर आली, तेव्हा कोणाची धारिका कोणी पाहावी हा प्रश्न आला आणि त्यासोबत परवलीचा शब्दही आला. याच प्रणालीवर १९६०च्या दशकाच्या मध्यास घडलेला एक प्रसंग कॉर्बातो यांनी पुढे आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला. प्रणालीत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवशी रोजच्या सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द दिसू लागले. कारण साधे होते. मजकूर संपादित करणारी आज्ञावली आपली तात्पुरती धारिका ठरावीक नावाने त्याच फोल्डरात ठेवी. एका फोल्डरात एका वेळी एकच माणूस काम करील, असे ती लिहिणाऱ्याने गृहीत धरले होते. त्या दिवशी दोघांनी केले. एक जण रोजची सूचना लिहीत होता, दुसरा परवलीच्या शब्दांची यादी, आणि दोन्ही मजकुरांची अदलाबदल झाली. आज्ञावलीत चूक नव्हती म्हणावे तर नव्हती. फोल्डर कोणाचा आहे याविषयीचे गृहीत चुकले होते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढचा सारा इतिहास याच चुकीच्या आवृत्त्यांचा आहे.

यानंतरच्या मल्टिक्स प्रणालीने प्रत्येक धारिकेसोबत एक यादी बाळगण्याची पद्धत घातली : अमुक माणसाला वाचता येईल, तमुकाला लिहिता येईल. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९पासून घडवलेल्या युनिक्सने ही यादी आटोपशीर केली. मालक, त्याचा गट आणि इतर. प्रत्येकाला वाचणे, लिहिणे आणि चालवणे या तीन मुभा द्यायच्या किंवा नाकारायच्या. रिची यांनी त्यात एका चतुर युक्तीची भर घातली. एखादी आज्ञावली चालवणाऱ्याच्या नव्हे तर तिच्या मालकाच्या अधिकाराने चालावी, अशी सोय. म्हणजे माणसाला तिजोरीची किल्ली द्यायची नाही, पण तिजोरीतून नेमकी एकच वस्तू काढून देणारा विश्वासू कारकून नेमायचा. या युक्तीचे पेटंट १९७९मध्ये मंजूर झाले. परवाना आणि परवानगी यांच्या भांडणावरचा खरा तोडगा तेव्हाच उपलब्ध होता, असे म्हणता येईल.

परवान्याचा इतिहास दुसऱ्याच आळीत सुरू होतो. आज्ञावल्या पूर्वी यंत्रासोबत फुकट येत. आयबीएमने १९६९मध्ये त्यांची किंमत वेगळी लावण्याचे जाहीर केले आणि आज्ञावली ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू ठरली. फेब्रुवारी १९७६मध्ये विशीतल्या बिल गेट्सने हौशी संगणकवाल्यांना उद्देशून एक उघडे पत्र लिहिले. आपली बेसिक भाषेची आज्ञावली बहुतेक जण पैसे न देता वापरतात, ही चोरी आहे, असा त्याचा आशय होता. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीला 'साहित्यकृती'च्या व्याख्येत स्थान मिळाले. आमच्या वाचकांस याची गंमत वाटावी. कविता आणि हिशेबाची आज्ञावली कायद्याच्या एकाच पंगतीत बसल्या. पुढे १९९४ची दुरुस्ती १० मे १९९५पासून लागू झाली आणि जाणूनबुजून चोरीची आज्ञावली वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद, आणि किमान पन्नास हजार ते कमाल दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आली. वापर व्यापारी लाभासाठी नसेल तर कैद टाळण्याची मुभा न्यायालयास आहे, पण अक्षरजुळणीचे दुकान हा व्यापारच.

कायदा न्यायालयात चालतो. दुकानात चालते ते कुलूप. म्हणून उत्पादकांनी कुलपे बनवली. आरंभी छपाईयंत्राच्या खोबणीत अडकवायचे ठोकळे आले, जुन्या अक्षरजुळणीवाल्यांच्या ते पुरेपूर परिचयाचे आहेत. ठोकळा हरवला की आज्ञावली गेली. मग धारिकेच्या रूपातले परवाने आले. १९८८मध्ये बाजारात आलेली फ्लेक्सएलएम ही परवाना सांभाळणारी प्रणाली या क्षेत्रात सर्वदूर पसरली. अनेक उत्पादक स्वतःचे कुलूप न घडवता असे तयार कुलूप आपल्या आज्ञावलीला लावू लागले. आता कुलूप म्हणजे तबकडीवर कोठेतरी ठेवलेली एक छोटी धारिका. ती कोठे ठेवायची, एवढाच प्रश्न होता.

हा प्रश्न त्या काळी कोणी विचारलाच नाही, कारण उत्तर उघड होते, कोठेही. डॉस (१९८१) आणि त्यावर उभी राहिलेली विंडोज ९५ व ९८ या प्रणालींत धारिकेला मालक ही कल्पनाच नव्हती. जो यंत्रासमोर बसेल तो सर्व घराचा धनी. विंडोज ९५ने 'प्रोग्रॅम फाइल्स' नावाचा फोल्डर आणला खरा, पण ती ओळख पटवणारी पाटी होती, दार नव्हते.

दार नसलेल्या घरांची गोष्ट नगर जिल्ह्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. नेवासे तालुक्यातील शनि शिंगणापुरात घरांना चौकटी असतात, दारे नसतात; कुलूप लावत नाहीत; फार तर कुत्रे-मांजर आत येऊ नये म्हणून एखादी फळी किंवा पडदा. ही रीत शनिदेवावरील श्रद्धेतून आलेली आहे आणि गाव तिच्यावर चालत आले. संगणकाचे उघडे घर श्रद्धेतून नव्हे, घरात राहणारा एकटाच आहे या समजुतीतून उघडे होते. पण परिणाम सारखाच. अशा घरात वाढलेल्या माणसाला दार ठोठावण्याची सवय नसते. परवान्याच्या आज्ञावल्या लिहिणारे कारागीर अशा घरात वाढले. त्यांनी परवान्याची धारिका आज्ञावलीच्या शेजारीच ठेवली, तिची एक गुप्त खूण विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात पुरली आणि दुसरी यंत्राच्या नोंदवहीत. मुदतीचा परवाना वापरणारा घड्याळ मागे फिरवून फसवील, या भीतीने त्यांनी आणखी एक खबरदारी घेतली : आज्ञावली दर वेळी सुरू होताना परवान्याच्या धारिकेत त्या दिवसाची तारीख लिहायची. म्हणजे परवाना नुसता वाचला जात नव्हता. त्याच्यावर रोज लिहिले जात होते. ही बारीकशी गोष्ट पुढे महागात पडली.

त्याच कंपनीच्या दुसऱ्या दालनात मात्र दारे घडत होती. १९९३मध्ये आलेल्या विंडोज एनटीने मल्टिक्सची ती यादी, नव्या धारिका-व्यवस्थेसह, परत आणली. विंडोज २०००मध्ये साध्या वापरकर्त्याला 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहिण्यास मज्जाव होता. २००१च्या एक्सपीने ही दारे घराघरांत पोहोचवली. पण घरगुती आवृत्तीत बहुतेक सर्वांचे खाते प्रशासकाचेच असे, त्यामुळे दारे होती आणि सगळ्यांकडे किल्ल्याही होत्या. भांडण उघडे पडले नाही. ते पडले २००७मध्ये, व्हिस्टा आल्यावर. आता प्रशासकालाही त्याचे अधिकार प्रत्येक वेळी मागून घ्यावे लागत. उघड्या घरात वाढलेल्या हजारो आज्ञावल्या एका रात्रीत बंद दारावर आपटल्या.

मायक्रोसॉफ्टने यावर एक मधला मार्ग काढला. जुन्या धाटणीची ३२ बिटांची आज्ञावली साध्या वापरकर्त्याच्या अधिकाराने 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहू लागली, तर तिला नकार द्यायचा नाही. लिहिलेले गुपचूप त्या वापरकर्त्याच्या खासगी जागेत, 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात नेऊन ठेवायचे. आज्ञावलीला वाटते, आपण घरात लिहिले; प्रत्यक्षात ते परसातल्या खोलीत गेलेले असते. हा तोडगा दयाळू होता, पण त्यातून विचित्र आजार उद्भवले. एका खात्यात नूतनीकरण केलेला परवाना दुसऱ्या खात्यात जुनाच दिसे, कारण नव्या परवान्याची प्रत पहिल्याच्या परसात पडलेली असे. धारिका डोळ्यांसमोर असे आणि तरी ती नसे.

अशा मधल्या मार्गाचे एक सुबक उदाहरण शिंगणापुरातच आहे. जानेवारी २०११मध्ये युको बँकेने तेथे शाखा उघडली. बँकेला कुलपाशिवाय चालत नाही. गावाला कुलूप चालत नाही. तेव्हा दर्शनी बाजूस पारदर्शक काचेचे दार बसवले गेले आणि सहजी नजरेस न येणारे, दुरून चालवता येणारे विद्युतचुंबकीय कुलूप. 'कुलूप नसलेली शाखा' म्हणून तिची देशभर वार्ता झाली. दोन्ही पक्षांचा मान राखणारी ही तडजोड आम्हांला लबाडीची वाटत नाही. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती ही की न दिसणारे कुलूप कधी अडकले, तर कुलपाचे अस्तित्वच ठाऊक नसलेला माणूस दोष दुसऱ्याच कशाला तरी देईल.

आता दुकानातल्या आजाराकडे वळू. तो या परसातल्या खोलीचा नव्हता. त्याच्या शेजारचा होता. व्हिस्टापासून सर्व वापरकर्त्यांच्या सामायिक माहितीसाठी 'प्रोग्रॅमडेटा' नावाचा फोल्डर असतो आणि शहाण्या उत्पादकांनी परवाने तेथे हलवले. त्या फोल्डरचा मूळचा नियम मासलेवाईक आहे. कोणीही येऊन आपली नवी धारिका ठेवावी, दुसऱ्याची वाचावी, पण दुसऱ्याच्या धारिकेत फेरबदल करू नये. जो निर्माण करील तो तिचा मालक. गावच्या चावडीवर प्रत्येकाने आपली सूचना लावावी, दुसऱ्याची खोडू नये, असा हा साधा शिष्टाचार. दुकानात परवाना मालकांच्या खात्यातून कार्यान्वित झाला, म्हणून परवान्याची धारिका मालकांची झाली. मुलाच्या खात्यातून आज्ञावलीने ती वाचली. वाचण्याला हरकत नव्हती. मग तिने रोजच्या शिरस्त्याप्रमाणे त्यात तारीख लिहायला घेतली आणि प्रणालीने हात धरला.

यापुढचा क्षण आम्हांला या साऱ्या इतिहासात कळीचा वाटतो. प्रणालीने नकार दिला तो अगदी स्पष्ट शब्दांत. विंडोजमध्ये नकारांना क्रमांक असतात. २ म्हणजे धारिका सापडली नाही, ५ म्हणजे प्रवेशाचा अधिकार नाही. आज्ञावलीच्या हाती ५ हा क्रमांक पडला होता. पण ती लिहिणाऱ्याने क्रमांक पाहण्याची तसदी घेतली नव्हती. परवान्याच्या धारिकेचे काम फत्ते झाले की ठीक. न झाले, तर कारण कोणतेही असो, परवाना अवैध. त्याच्या मनात चोर होता आणि चोराचा विचार करत बसलेल्या माणसाला प्रत्येक अडथळा चोरीचाच पुरावा वाटतो. यंत्राला खरे कारण ठाऊक होते. माणसापर्यंत ते पोहोचले नाही. पोहोचला तो आरोप.

हा दोष कोणा एका लहान उत्पादकाचा नाही. अ‍ॅडोबीच्या सीएस-३ (२००७) व सीएस-४ (२००८) या संचांच्या वापरकर्त्यांना 'परवाना व्यवस्था थांबली आहे' अशा अर्थाचा, १५०:३० क्रमांकाचा संदेश भेडसावत असे, आणि त्यावरच्या उपायांत परवान्याची माहिती जिथे साठते त्या 'फ्लेक्सनेट' नामक फोल्डरच्या मुभा तपासणे हा एक होता. मॅकवरही तो येई. म्हणजे हा एका प्रणालीचा हट्ट नव्हे. ज्या ज्या ठिकाणी परवान्याचा इतिहास परवानगीच्या इतिहासाला भेटतो, तिथे ही ठेच ठरलेली.

निदानाची रीतही इतिहासाने शिकवली आहे. पहिली कसोटी माणूस बदलून पाहण्याची : तेच यंत्र, तीच आज्ञावली, खाते दुसरे. एका खात्यात चालते आणि दुसऱ्यात नाही, तर परवाना शाबूत आहे आणि दोष मुभांचा आहे, असा तर्क बऱ्याच अंशी करता येतो. आमच्या मालकांनी ही कसोटी पहिल्याच सकाळी नकळत केली होती. निष्कर्ष मात्र यंत्राऐवजी मुलाविषयी काढला. दुसरी कसोटी आज्ञावली प्रशासकाच्या अधिकाराने एकदा चालवण्याची. तशी चालली तर तर्क पक्का होतो. तिसरी म्हणजे साक्षीदार उभा करण्याची. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी बनवलेल्या, पुढे मायक्रोसॉफ्टने २००६मध्ये आपल्याकडे घेतलेल्या साधनांतले 'प्रोसेस मॉनिटर' हे साधन आज्ञावलीने कोणती धारिका केव्हा मागितली आणि तिला काय उत्तर मिळाले, याची ओळीगणिक नोंद देते. त्यात 'प्रवेश नाकारला' अशी ओळ शोधायची. तिच्या शेजारी गुन्हेगार फोल्डरचे पूर्ण नाव असते. आमच्या दुकानात परिचयाच्या एका तंत्रज्ञाने हेच केले. शेकडो ओळींत ती एक ओळ सापडली. ती त्याने मोठी करून पडद्यावर ठेवली, तेव्हा मुलगा खुर्चीमागे उभा राहून ती बराच वेळ वाचत होता.

उपायांत मात्र भले-बुरे आहे. तालुक्याच्या गावी सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे सगळ्यांना प्रशासक करून टाकणे, किंवा सबंध तबकडीवर 'सर्वांना सर्व अधिकार' देणे. तक्रार मिटते, पण त्या संगणकावर जे काही बरे-वाईट येईल त्यालाही घर मोकळे होते. खंडणीखोर विषाणूंच्या काळात ही किंमत जबर आहे. दुसरा, न सांगता केला जाणारा उपाय अधिक खेदाचा. कुलूप तोडलेली चोरीची प्रत बसवणे. ती कधीच तक्रार करत नाही, कारण तिच्यात परवाना तपासणारा भागच काढून टाकलेला असतो. पैसे भरणारा अडतो आणि न भरणारा सुखाने काम करतो, हा या कुलपांचा सर्वांत मोठा नैतिक पराभव आहे, असे आमचे मत आहे. योग्य उपाय छोटा आहे : फक्त परवान्याच्या त्या एका फोल्डरावर, त्यातील धारिकांसह, साध्या वापरकर्त्यांना फेरबदलाची मुभा द्यायची, बाकी सर्व दारे जशीच्या तशी ठेवायची. व्हिस्टापासून यासाठी 'आयकॅक्ल्स' ही आज्ञा आहे. गुणधर्मांच्या खिडकीतूनही ते करता येते. आणि उत्पादकाच्या बाजूने योग्य उपाय रिचींच्या कारकुनाचा : लिहिण्याचे काम वापरकर्त्याकडे न ठेवता पडद्यामागच्या एका मर्यादित अधिकाराच्या सेवेकडे द्यायचे. अनेक उत्पादक पुढे त्या वाटेने गेलेही.

कोणता कागद कोठे ठेवावा आणि त्याला कोणी हात लावावा, हा प्रश्न नगरला नवा नाही. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात येथील जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कलेक्टर कचेरीच्या दप्तराची जी नव्याने मांडणी केली, ती 'लखिना पॅटर्न' या नावाने राज्यभर गाजली. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग करावेत, काही कायम राखावेत, काही ठरावीक वर्षांनी नष्ट करावेत, हे नियम लखिनांनी शोधलेले नव्हते. ते आधीपासून होते. धुळीने भरलेल्या गठ्ठ्यांत ते पाळले जात नव्हते. लखिनांनी ते पाळायला लावले. कारकुनाच्या मेजावरचे कागदही प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेखकक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे अशा सहा गठ्ठ्यांत लावण्याची शिस्त या पद्धतीशी जोडली गेली. तोवर कागद सापडत नाही म्हणजे कोणीतरी तो दाबला, असा संशय कचेरीत आलेल्या शेतकऱ्याला येई, आणि तो पुष्कळदा खराही असे. पण पुष्कळदा कागद नुसता चुकीच्या गठ्ठ्यात असे. गठ्ठे लागले की दाबलेला कागद आणि हरवलेला कागद यांतला भेद करता येऊ लागतो. संगणकाच्या प्रणालीनेही उशिरा का होईना तेच केले. आज्ञावली एका फोल्डरात, सामायिक माहिती दुसऱ्यात, खासगी माहिती तिसऱ्यात. ज्यांनी आपला परवाना योग्य गठ्ठ्यात लावला, त्यांच्या ग्राहकांवर आळ आला नाही.

मराठी वाचकाने या विषयाकडे तांत्रिक कटकट म्हणून पाहू नये, याला आणखी एक कारण आहे. इंग्रजी मजकूर लिहिणाऱ्याची आज्ञावली बंद पडली तर मजकूर दुसरीकडे उघडतो. मराठीचे तसे नव्हते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे आणि भारतीय मानक इस्कीही त्याच वर्षीचे. पण छपाईच्या व्यवहारात दीर्घकाळ प्रत्येक उत्पादकाच्या टंकाची अक्षरमांडणी वेगळी राहिली. एका टंकात जुळवलेला मजकूर दुसऱ्यात अगम्य चिन्हांचा ढीग दिसतो. त्यामुळे ज्या आज्ञावलीत पुस्तक जुळवले, तिचा परवाना हीच त्या पुस्तकाची किल्ली ठरली. दिवाळी अंक, संतवाङ्मयाच्या आवृत्त्या, गावोगावच्या स्मरणिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक. छापील प्रत उरली असेल तर उरली, पण जुळणीच्या धारिका अशा कुलपांआड पडून आहेत. ठोकळा हरवला, उत्पादक थांबला, किंवा नुसते नव्या यंत्रावर एका फोल्डरची मुभा नाकारली गेली, तरी लेखकाला स्वतःचेच लेखन उघडता येत नाही. कायद्याने ते लेखन त्याचे आहे. परवानाही त्याच्याकडे आहे. परवानगी तेवढी नाही. म्हणून ज्यांच्याकडे अशा जुन्या धारिका आहेत त्यांनी, यंत्र चालते आहे तोवरच, त्या युनिकोडात आणून ठेवाव्यात, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

असो. अहमदनगरचे नाव २०२४मध्ये अहिल्यानगर झाले. दुकान होते तिथेच आहे. त्या दिवशी फोल्डरची मुभा बदलल्यावर तंत्रज्ञाने मुलालाच त्याच्या खात्यातून आज्ञावली उघडायला सांगितले. ती उघडली. मालक थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चहा मागवला आणि पहिला पेला मुलाच्या हातात दिला. आमच्याकडे याहून स्पष्ट शब्दांत क्षमा मागण्याची रीत नाही. मुलाने पेला घेतला, बाजूला ठेवला आणि आमच्या पुस्तिकेचे अडलेले नववे पान पुढे घेतले.